पहिल्या सीटी स्कॅनसाठी हातभार लावा

यकृत आणि स्वादुपिंड (जठरामागची पाचक रस करणारी ग्रंथी, पँक्रियाज) यांच्या रुग्णांसाठी मंडळ निधी गोळा करतं, पण तो ऑपरेशनच्या बिलासाठी नाही. यकृत आणि स्वादुपिंडाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात होतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्ण अडतो तो त्याच्या आधी आणि नंतर, आणि मदत हवी आहे ती तिथे.

कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी गळ्यात काड्यांची माळ घालतात, आणि ती लांबली की कावीळ उतरली असं मानतात. माळ लांबत जाते ती काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून. खुंटीला टांगली तरी लांबते. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. पित्तनलिका अडून झालेली कावीळ मात्र उतरत नाही. शौचाला पांढरट मातकट, लघवी काळ्या चहासारखी, रात्रभर अंगाला खाज, वजन घटतंय आणि पोट मात्र दुखत नाही, असं असेल तर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ नाही ना हे बघावंच लागतं. पन्नाशीनंतर साखर नव्याने निघाली असेल तर अधिकच. स्वादुपिंडाच्या कर्करोगात निदानाच्या वेळी पाचांपैकी जेमतेम एकाची गाठ काढता येण्याजोगी असते, म्हणून माळेत गेलेले तीन आठवडे महागात पडतात.

सोनोग्राफी सहा ते आठ तास उपाशीपोटी करावी. नलिका फुगल्याचं तिच्यात कळतं, पण खालचं टोक पुष्कळदा आतड्यातल्या वायूमागे दडतं. पुढची तपासणी सीटी, आणि पैसा वाया जातो तो इथेच. ‘पोटाचा सीटी’ एवढंच लिहून दिलं तर बहुधा एकच फेरी होते. स्वादुपिंडासाठी दोन लागतात: डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं, शिरेतून दिलेलं औषध) दिल्यावर साधारण ४०-४५ सेकंदांनी पहिली, तिच्यात गाठ आणि धमन्या उठून दिसतात, ७० सेकंदांच्या सुमारास दुसरी, यकृताकडे जाणारी शीर आणि यकृतातले डाग पाहायला. काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम, तपासलेलं हवं. आणि हा सीटी स्टेंटच्या, म्हणजे अडलेल्या पित्तनलिकेत घालायच्या नळीच्या, आधी. स्टेंट टाकला की त्याची सावली आणि भोवतालची सूज यांत गाठीची कड हरवते. थंडी वाजून ताप येत असेल किंवा बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) १५च्या वर गेलं असेल तर स्टेंट लागू शकतो, पण शक्य तिथे सीटी उरकून. फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. सीडी नसली की मोठ्या रुग्णालयात पुन्हा सीटी, पुन्हा पैसे. योजनेच्या मंजुरीआधी बाहेर केलेला हा सीटी घरच्या खिशातून जातो. एका देणगीदाराने एका सीटीचा खर्च उचलला तरी खूप झालं. रक्कम थेट सेंटरला जाईल आणि पावती देणगीदाराला.

दुसरी गरज रक्ताची. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्याचं इंजेक्शन स्वस्त आहे, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि रक्तपिशव्या मात्र दात्यांकडूनच येतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे १२० दिवस उलटलेले असावेत.

ही गाठ काढायच्या व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचं खालचं टोक काढतात आणि तीन जोड घालतात. सर्जन धसका घेतात तो स्वादुपिंडाच्या जोडाचा. ग्रंथी मऊ, नलिका काडीएवढी, आणि पाझरणारा रस जोडालाच पचवू पाहतो. तो गळला की पंधरवड्याचा मुक्काम महिन्यावर जातो. रुग्णाला खाट असते. मुंबईत परळच्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर झोपतो तो सोबत आलेला माणूस. खोलीभाडं आणि दोन वेळचा डबा यासाठीही देणगी चालेल.

शेवटचं म्हणजे एन्झाइमच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसाची उणीव भरून काढणाऱ्या, कॅप्सूल. २५,००० युनिटच्या, सहसा जेवणाला दोन: एक पहिल्या घासासोबत, दुसरी जेवण निम्मं झाल्यावर. जेवून उठल्यावर घेतलेली जवळपास फुकट. तीन जेवणांच्या महिन्याला १८० होतात, आणि अनेकांना त्या कायमच्या. न घेतल्यास तेलकट, तरंगणारं शौचाला होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वस्तुरूपात देणार असाल तर सीलबंद बाटली द्या, मुदत किमान सहा महिने उरलेली. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ठेवलेल्या नकोत, उष्णतेने त्या निकामी होतात.

देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या खात्यावर. सीटी, मुक्काम की कॅप्सूल, हे सोबत लिहावं. घरात रुग्ण असेल तर सोनोग्राफीचा कागद, रेशनकार्ड आणि आधार घेऊन कार्यालयात या. रुग्णाला आणायची गरज नाही.