कॅमेरूनहून परतलेल्या सिस्टरना पत्र

आदरणीय सिस्टर,

हे पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे लॉस एंजेलिसमधली आमच्यासारखी घरंही ते वाचतील. तुम्हाला माझी मुलगी वाचून सांगेल. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

आईच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, पण घरी रोज ड्रेसिंग कोण करणार? आई तर कुणाला पाय दाखवायला तयार नव्हती. शेजारणीनं तिच्या चर्चमधल्या निवृत्त नर्सला, म्हणजे तुम्हाला, विचारलं. तुम्ही आलात आणि बॅग न उघडता आधी आईशी बोलत बसलात. काय जेवता, अनवाणी कुठे कुठे फिरता, सगळं विचारलंत. मग जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतलात. वयानं मोठ्या बाईनं आपल्या पायाला हात लावावा, याचा आईला किती संकोच वाटला! पण त्या दिवसापासून ती तुमचं ऐकायला लागली.

घरात चप्पल घालायला मात्र तिचा ठाम नकार होता, त्यातून देवघरासमोर तर नाहीच. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त घरात वापरायची, बाहेर कधीच न नेलेली मऊ जोडी आणायला सांगितलीत. ती तिनं घातली.

पहिलं ड्रेसिंग तुम्ही केलंत, पुढचं माझ्याकडून करून घेतलंत, नंतर नुसत्या शेजारी उभ्या राहिलात. बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी कोपरानं तपासायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे क्रीम लावायचं नाही. तळवे रोज आरशात बघायचे. आता हे मला झोपेतही सांगता येईल.

ही पद्धत तुम्ही कुठून आणलीत, ते जेवताना कळलं. आईची भाकरी-पालेभाजी हातानं खाता खाता तुम्ही कॅमेरूनमधल्या फुफूची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याची, आणि न्जामा-न्जामा या पालेभाजीची आठवण काढलीत. मॉन्सिनियर (कॅथलिक धर्मगुरूंचा एक मानाचा किताब) अँथनी ब्रौवर्स यांनी १९५५ साली याच शहरात ‘ले मिशन हेल्पर्स’ ही संस्था सुरू केली. धर्मगुरू नाहीत, धर्मभगिनी नाहीत. नर्स, शिक्षक, मेकॅनिक, हिशेबनीस अशी प्रापंचिक माणसं तिथून काही वर्षांसाठी परदेशी गेली. तुम्ही त्यांतल्याच एक. तिथल्या मुलींना नर्सिंग शिकवून, वॉर्ड त्यांच्या हाती देऊन परत आलात. परतल्यावर गरिबांच्या दवाखान्यात नोकरी केलीत आणि निवृत्तीनंतर आमच्यासारख्यांच्या घरी यायला लागलात.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे आधी संशय येतो. आमच्याही घरात तो आला होता, म्हणून हे मुद्दाम लिहितेय: तुम्ही धर्माचा विषय एकदाही काढला नाहीत, पैसेही घेतले नाहीत.

जखम भरली. आई आता सोसायटीत सकाळी चालते, बूट घालून. आणि मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला मी तिच्या सासऱ्यांचं ड्रेसिंग शिकवलं. आधी तिच्यासमोर केलं, मग तिच्याकडून करून घेतलं.

मनापासून आभार, सिस्टर. येत्या रविवारी जेवायलाच या. बॅग घरी ठेवून या.

तुमची,
आईची लेक