एकलहऱ्याचा अभ्यास आधी करा

केंद्राने 2025च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी 20 हजार कोटी रुपये जाहीर केले. 2033पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या सुरू करायच्या आहेत. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी त्या उभारण्याचा विषय निघाला, की नाशिककरांना एकलहऱ्याचे कोळशावरचे वीज केंद्र आठवणारच. तिथले 210 मेगावॉटचे तीन संच चार दशकांहून जुने आहेत. वीजवाहिन्या, गोदावरीचे पाणी, अनुभवी कामगार, सारे जागेवर आहे. कोळसा आणि राखेपासून सुटका झाली तर आजूबाजूच्या गावांना हवेच आहे.

तरीही घाई नको. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीचा आयडाहोतला लहान अणुभट्ट्यांचा प्रकल्प खर्च फुगल्याने नोव्हेंबर 2023मध्ये गुंडाळावा लागला. भट्टी लहान म्हणून वीज स्वस्त होत नाही. एकाच आराखड्याच्या अनेक भट्ट्या कारखान्यात तयार झाल्या, तरच खर्च उतरू शकतो. शिवाय भट्टीभोवती मोकळा पट्टा राखावा लागतो आणि नाशिकरोडची वस्ती तिथून फार लांब नाही. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद पेटणाऱ्या या खोऱ्यात पाण्याचा हिशेब तर पहिल्यांदा मांडला पाहिजे. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने हा अभ्यास करून तो मराठीतून एकलहऱ्याच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिकरोड