१९४७ साली डॉलर एक रुपयाला नव्हता

संपादक महोदय,

ऑगस्ट महिना आला की ‘स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एक रुपयाला एक डॉलर मिळत होता’ हे वाक्य पुन्हा फिरू लागते. मोबाइलवरून ते भाषणांत येते आणि अधूनमधून छापूनही येते. ते साफ चुकीचे आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही दोन मिनिटांत पडताळता येते.

त्या काळी व्यवहारात रुपया बांधलेला होता पौंडाला. १९२७ च्या चलन कायद्याने ठरलेला दर होता रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. भागाकार केला की पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होतात, दशांशात १३.३३. पौंडाचा दर तेव्हा ४.०३ डॉलर. १३.३३ ला ४.०३ ने भागा, डॉलर पडतो ३ रुपये ३१ पैशांना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये नोंदलेली रुपयाची किंमत ३०.२२५ सेंट होती. त्या वाटेने गेलात तरी उत्तर तेच.

त्याही मागे, चांदीच्या नाण्यांपर्यंत गेले तरी बरोबरी सापडत नाही. १८३५ च्या कायद्यातल्या रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने माप), अमेरिकी डॉलरच्या नाण्यात ३७१.२५ ग्रेन, म्हणजे बरोबर सव्वादोन पट. ‘तेव्हा देशावर परकीय कर्ज नव्हते, म्हणून दर एकास एक होता’ हा युक्तिवादही टिकत नाही. युद्धकाळात साठलेले भारताचे शंभर कोटींहून अधिक पौंड लंडनमध्ये जमा होते हे खरे. पण दर सरकारने बांधून दिलेला होता, तो पैशाच्या येण्याजाण्यावर हलत नव्हता.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारतही मागोमाग गेला, त्यामुळे पौंडाचे १३.३३ रुपये तसेच राहिले आणि डॉलर मात्र ४ रुपये ७६ पैशांचा झाला. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही. एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजायची वेळ आली, दोन्ही देशांतला व्यापार अडला आणि कोलकात्याच्या ताग गिरण्यांना कच्चा ताग मिळेना. हा फरक थेट १९५५ पर्यंत चालला.

सर्वांत जास्त घोटाळा ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाबाबत होतो. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. कोणी लिहितो ३६.५ टक्के, कोणी ५७.५ टक्के, आणि वाचक समजतो की एकाची चूक आहे. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत २१ सेंटवरून १३.३३ सेंटवर आली, ही घट ३६.५ टक्के, डॉलर विकत घेणाऱ्याला ५७.५ टक्के जास्त मोजावे लागले. कोणत्या बाजूने मोजले ते न सांगता टक्का छापला की गोंधळ ठरलेलाच. याच वर्षाची ‘सरासरी’ तर विशेष फसवी. कॅलेंडर वर्षाची काढली तर ६.३३ च्या आसपास येते, एप्रिल ते मार्च धरली तर ७ रुपये. या दोन्ही दरांनी त्या वर्षी एका दिवशीही डॉलर मिळत नव्हता.

जुन्या कागदपत्रांवरून दर काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या बाजारभावात ‘१ शि. ५ ३१/३२ पे.’ असे लिहिलेले दिसते. हा एका रुपयाचा भाव आहे. आधी सगळ्याचे पेन्स करा: १२ अधिक ५ अधिक ०.९६८७५, म्हणजे १७.९६८७५. मग २४० ला त्याने भागा, पौंड येतो १३.३६ रुपयांना. शेवटी पौंडाच्या त्याच दिवसाच्या डॉलर दराने भागायचे. इथे तारीख चुकली तर सगळेच चुकते. त्यानंतरच्या बँकांच्या कागदांवर १०० रुपयांना किती डॉलर असा उलटा भाव असे. ‘३.८५’ दिसले तर १०० ला ३.८५ ने भागायचे, म्हणजे २५.९७ रुपये. एका डॉलरला इतके रुपये, अशी सरळ पद्धत बँकांनी ऑगस्ट १९९३ पासून घेतली.

१९९१ चे अवमूल्यन एका दिवसाचे नव्हते. १ आणि ३ जुलै अशा दोन पायऱ्यांत डॉलर सुमारे २१ वरून २६ रुपयांच्या जवळ गेला. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात तर एकाच वेळी दोन दर होते. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारदराने बदलले जात. त्या काळाचा एकच आकडा कोणी सांगत असेल, तर तो दोनपैकी कोणता, की दोहोंची मिसळ, हे विचारायलाच हवे.

आपल्या संपादकीय विभागाला मनापासून विनंती आहे, की जुना डॉलर दर छापताना त्याच्याशेजारी तारीख द्यावी, आणि तो त्या दिवसाचा की वर्षाच्या सरासरीचा हेही लिहावे. १९४९, १९६६ आणि १९९१ साठी अवमूल्यनाआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे द्यावेत. १९४७ साठी ३ रुपये ३१ पैसे.

आपला,
एक वाचक