थांबलेल्या रिक्षापलीकडे

सोलापूर,
मंगळवार, रात्र

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रविवारी तू पहिल्यांदाच मला शेजारी बसवून आसरा चौकापासून नवी पेठेपर्यंत गाडी चालवलीस. क्लच आणि गिअरवर तुझा हात चांगला बसला आहे, आरसे तू वेळच्या वेळी पाहतोस, आणि उठसूट हॉर्न वाजवण्याची सवय तुला लागलेली नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र सात रस्ता ओलांडल्यावर पुढच्या झेब्रा क्रॉसिंगपाशी डाव्या बाजूला एक रिक्षा थांबली होती, आणि तू वेग जराही न तोडता तिच्या उजव्या अंगाने पुढे निघून गेलास. काही झाले नाही. मागे तुझी आई आणि आजी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोललो असतो तर ते तुला लागले असते म्हणून मी गप्प राहिलो. पण तू पुण्याला परतल्यापासून ती रिक्षा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे पत्र.

ती रिक्षा तिथे का थांबली असेल, हा प्रश्न तुझ्या मनात यायला हवा होता. कदाचित उतारू घेण्यासाठी थांबली असेल. पण झेब्राच्या तोंडाशी थांबलेल्या वाहनाचा अर्थ आपण नेहमी एकच धरावा, की त्या चालकाला काहीतरी दिसले आहे आणि ते मला दिसत नाही. रिक्षाच्या पुढून कोणी रस्ता ओलांडत असेल तर रिक्षाच त्याला माझ्यापासून लपवते आणि मलाही त्याच्यापासून लपवते. त्या माणसाला वाटते की आपल्यासाठी गाडी थांबली, आता जायला हरकत नाही. म्हणजे त्याच्या पायांना धीर येतो तो नेमका धोक्याच्या जागी. मोटार वाहन चालवण्याबाबतचे केंद्र सरकारचे २०१७ सालचे विनियम सांगतात की सिग्नल नसलेल्या पादचारी मार्गाजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पायी चालणाऱ्याला वाट द्यावी. पुढे वाहतूक तुंबलेली असेल तर पट्ट्यांवर जाऊन उभे राहू नये, हेही त्यांतच आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे आणि ती मी तुला आजवर सांगितली नाही. पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे, सकाळच्या वेळी एक सिटी बस थांबली होती आणि मी स्कूटरवरून तिला उजवीकडून मागे टाकत होतो. माझा वेग तिशीच्या आसपास असेल, म्हणजे कोणीही मला बेफाम म्हटले नसते. बसमधून उतरलेली एक विडी कामगार बाई, वळलेल्या विड्यांचे गाठोडे घेऊन, बसच्या पुढून बाहेर आली. ब्रेक दाबण्याआधीच ती माझ्या चाकाखाली होती. विड्या रस्ताभर पसरल्या, आणि ती तेलुगूत काहीतरी एकसारखे बोलत होती, त्यातला एक शब्दही मला कळत नव्हता. तिच्या मांडीचे हाड मोडले. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते. ती जितके महिने अंथरुणावर होती तितके महिने त्या घरात तिची मजुरी आली नाही. मी दवाखान्याचा खर्च केला, घरी जाऊन माफी मागितली, आणि तिच्या सासूने मला पाणी दिले, ते मला कसे प्यावे हे समजेना. बस उभी होती, दिवस स्वच्छ होता, रस्ता कोरडा होता. मला सगळे दिसत होते, फक्त बस का थांबली आहे याचा मी विचार केला नव्हता.

म्हणून झेब्राजवळ येताना नुसती माणसे शोधू नकोस. माणूस कुठून येऊ शकेल त्या जागा शोध. उभ्या वाहनाच्या खालच्या फटीतून पाय दिसतात, ते पाहावेत. रस्ता ओलांडून गेलेला माणूस थांबून मागे पाहत असेल तर त्याच्या सोबतचे कोणीतरी अजून अलीकडे आहे; आई पलीकडे पोहोचली आणि लेकरू अलीकडेच राहिले, तर ते लेकरू तुझ्या गाडीकडे पाहणार नाही, आईकडे धावेल. उन्हासाठी डोक्याला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ किंवा कानाला लावलेला मोबाइल दिसला, की त्या व्यक्तीला तुझी गाडी ऐकू आलेली नाही असेच धरावे. पांढरी काठी दिसली तर पूर्ण थांबावे, हॉर्न मुळीच वाजवू नये, कारण तो कोणासाठी आणि कोणत्या बाजूने वाजला हे अंध व्यक्तीला त्यावरून कळत नाही. आणि थांबलास तर हात हलवून कोणाला ‘या, या’ म्हणू नकोस. तू थांबला आहेस, शेजारून येणारा थांबेलच असे नाही, आणि तुझ्या शब्दावर विसंबून तो माणूस पुढे पाऊल टाकतो.

वेगाचा हिशेब तू अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणून माझ्यापेक्षा चांगला करशील. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, बऱ्याचदा त्याहून अधिकच जातो. ताशी ३० किलोमीटरला त्या सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते, म्हणजे एकूण १३. ताशी ५० ला तो एकच सेकंद जवळजवळ १४ मीटर खातो आणि नंतर थांबायला आणखी १४ लागतात. याचा अर्थ असा, की तिसाने येणारा जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथे पन्नासाने येणाऱ्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे आकडे वाचताना मला ते गाठोडे दिसते.

आपल्या गाडीच्या समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना जे खांब आहेत, त्यांच्याआड एक अख्खा माणूस मावतो. उजवीकडे वळताना तो माणूस आणि तू एकाच चालीने सरकत राहिलात तर तो खांबाआडून बाहेर येतच नाही. तेव्हा मान पुढे-मागे करून पाहावे लागते. रात्री समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर येतो त्या क्षणी, त्या झोताच्या आणि आपल्या दिव्यांच्या मधे उभा असलेला गडद कपड्यांतला माणूस अक्षरशः नाहीसा होतो, म्हणून झोत येताच आधी वेग उतरवावा.

तू म्हणशील की बाबा, आपल्याकडे झेब्रावर कोणी थांबतच नाही, पट्टे अर्धे पुसलेले असतात, आणि मी एकदम थांबलो तर मागचा येऊन आदळेल. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय एकदम थांबणे हा नसून लवकर सुरुवात करणे हा आहे: लांबूनच पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, मधल्या आरशात पाहावे, ब्रेकला दोनदा हलकेच स्पर्श करून मागच्याला लाल दिवा दाखवावा, आणि मग सावकाश थांबावे. पट्टे पुसले असले तरी माणसे ज्या जागी ओलांडतात ती जागा बदलत नाही. शाळेचे दार, बसथांबा, देवळाची वाट, ही सगळी न रंगवलेली झेब्राच आहेत.

संक्रांतीला तू येशील तेव्हा गड्ड्याची यात्रा भरलेली असेल. होम मैदानाभोवती खेड्यापाड्यांतून आलेली माणसे पाळण्यांकडे पाहत रस्त्यावर उतरतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी तर गाडी बाहेर काढायचीच नाही. पण त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आपण दोघेच निघू, सात रस्ता, डफरीन चौक, पार्क चौक आणि तिथून अशोक चौकापर्यंत. चालवताना जे दिसेल ते तू मोठ्याने बोलत राहायचे: डावीकडे उभी रिक्षा, तिच्यापुढचे दिसत नाही, वेग कमी करतो, म्हातारे गृहस्थ कडेला, पाय रस्त्यावर, थांबतो. वाहन चालवायला शिकवणारे अनुभवी लोक ही पद्धत वापरतात आणि तिने नजर लवकर तयार होते. सुरुवातीला संकोच वाटेल, पण गाडीत माझ्याशिवाय कोणी नसेल. ती बस जिथे उभी होती ती जागा मी तुला त्या दिवशी दाखवीन.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात घालून पाठवल्या आहेत, मिळाल्या की कळव.

तुझे बाबा