टायसनचे पाय बघवत नव्हते

मा. संपादक,

शनिवारी सकाळी माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल यांची बॉक्सिंग फाइट बघितली, तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. गेले कित्येक महिने सगळीकडे, आपल्या पेपरातसुद्धा, टायसन परत येतोय हे एकच चाललं होतं, ट्रेनिंगचे ते चार-पाच सेकंदांचे व्हिडिओ, फाइटआधीच्या वजनाच्या वेळी त्याने पॉलला हाणलेली थप्पड, बस्स. १९९५ला तो तुरुंगातून सुटून आला आणि पीटर मॅकनीली या बॉक्सरचा खेळ ८९ सेकंदांत आटोपला, लोक तेच मनात धरून बसले होते, मीही होतो.

आणि दिसलं काय? पहिला राउंड बरा गेला, पण दुसऱ्यानंतर पायच हलेनात. गुडघ्याला पट्टा, सारखा दातांनी ग्लोव्ह चावतोय, आणि शेवटची बेल व्हायच्या आधीच समोरचा २७ वर्षांचा पोरगा त्याला वाकून मान देतोय. आठ राउंडमध्ये टायसनचे लागलेले पंच फक्त १८! मला खरंच वाईट वाटलं हो.

हे होणार हे आधीच कळण्यासारखं होतं. वय ५८, शेवटची प्रोफेशनल फाइट २००५ची, त्यात मॅकब्राइडसमोर स्टुलावरून उठलाच नव्हता. मे महिन्यात विमानात अल्सरचा त्रास झाला म्हणून जुलैची फाइट नोव्हेंबरवर गेली. राउंड तीनऐवजी दोन मिनिटांचे, ग्लोव्ह नेहमीच्या १०ऐवजी १४ औंसचे. हे सगळं ठळक छापायला हवं होतं, आपण ते एका कोपऱ्यात उरकलंत.

जॉर्ज फोरमनचं उदाहरण सगळे देतात, ४५व्या वर्षी मायकेल मूररला पाडून हेवीवेट चॅम्पियन झाला म्हणून. पण तो निवृत्तीनंतर १९८७ला परत आला आणि १९९४ला जिंकला, मधली सात वर्षं खेळत होता, होलीफिल्डकडून हरला तरी खेळत राहिला. नुसत्या नावावर रिंगमध्ये उतरलं की काय होतं ते १९८०ला मुहम्मद अली-लॅरी होम्स फाइटमध्ये दिसलंच होतं, दहाव्या राउंडनंतर अलीचा ट्रेनर डंडीने फाइट थांबवली तेव्हा अली ३८चा होता, ५८चा नाही.

टायसन-पॉलच्याच रात्री महिला बॉक्सर केटी टेलर आणि अमांडा सेरानो दहा राउंड जीव तोडून लढल्या, सेरानोच्या डोळ्याच्या वर फाटलं होतं, रक्त येत होतं तरी ती पुढेच येत होती, आणि तिन्ही जजचा स्कोअर ९५-९४, टेलरच्या बाजूने. मला तर सेरानो जिंकली असं वाटलं, यावर भांडायला कोणीतरी भेटावं असं फार वाटतंय. आपला भारतीय बॉक्सर नीरज गोयत पण त्याच रात्री त्याची फाइट जिंकला. या दोन्ही फाइटना आपल्याकडे मिळून दोन ओळी.

येत्या रविवारच्या पुरवणीत टेलर-सेरानोवर एक नीट लेख द्या, राउंडवार, एवढीच विनंती.

आपला,
एक जुना वाचक