मा. पालकमंत्री महोदय, आमचा स्मृतिस्तंभ परत उभा करा

मा. पालकमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी कारगिल विजय दिनी, २६ जुलैला, आमच्या गावाच्या मुख्य नाक्यावर भर पावसात उभे राहून आपण शब्द दिला होता की, रस्ता रुंद करताना हलवलेला हुतात्मा जवानांचा स्मृतिस्तंभ पुढच्या विजय दिनाआधी पुन्हा उभा राहील. यंदाचा विजय दिन होऊन गेला. स्तंभाच्या जागी आता गावाच्या नावाची रंगीत अक्षरे आणि कारंजे आहे, किनाऱ्यावर आलेले पर्यटक तिथे फोटो काढतात, आणि आमच्या माणसांची नावे कोरलेला काळा दगड नगरपंचायतीच्या गोदामामागे मोडक्या घंटागाडीशेजारी पालथा पडला आहे. यंदाची मानवंदना एका फ्लेक्सपुढे झाली. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे हातभर होते, जवानांचे फोटो तळाशी टपालाच्या तिकिटाएवढे होते, आणि माझ्या यजमानांचे नाव कुठेच नव्हते.

याबद्दल मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर आपल्या कानावर जावे म्हणून हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. "मॅडम, यादी कारगिलप्रमाणे केली होती. तुमचे मिस्टर २००२ साली गेले, तेव्हा युद्ध कुठे होते?"

युद्ध जाहीर झाले नव्हते, हे खरे आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रमच्या आदेशाने लाखो सैनिक पश्चिम सीमेवर जाऊन थांबले आणि राजस्थानच्या वाळूत, पंजाबच्या शेतांत सुरुंग पेरण्याचे काम सुरू झाले. ते काम सॅपरचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातल्या जवानाचे असते, आणि माझे यजमान सॅपर होते. लढाई झाली नाही, ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला, आणि सुरुंग पेरताना व काढताना ज्यांचे प्राण गेले, पाय गेले, त्यांची आठवण ठेवण्याचे कारणच जणू लोकांना उरले नाही. कारगिलमध्ये देशाचे ५२७ जवान गेले. त्यांच्यापुढे माझे मस्तक नेहमीच झुकेल. पण सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाचे मरण कोणत्या हिशेबाने कमी ठरते, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली त्या दिवशी बाजारपेठ बंद होती. खारवीवाडीतली एकही होडी दर्यात गेली नाही, आणि मोहल्ल्यातल्या बायका रात्र होईपर्यंत आमच्या पडवीत बसून राहिल्या. सोबत आलेल्या सुभेदारांनी माझ्या दिरांना बाजूला घेऊन, पेटी उघडू नका, असे सांगितले, ते मला आतल्या खोलीत ऐकू आले. ह्यांचे शेवटचे दर्शन मला झाले नाही. माझा मुलगा तेव्हा रांगत होता. पुढे तो चालू-बोलू लागल्यावर, बालवाडीत घालण्याआधी, मी त्याचे बोट त्या दगडातल्या अक्षरांच्या खाचांतून फिरवले, आणि तो पहिल्यांदा वाचायला शिकला ते वडिलांचे नाव. तो दगड आज पालथा आहे, महोदय, आणि त्यावरून मांजरे फिरतात.

माझे दुःख एकटीचे नाही. त्याच दगडावर आमच्या खारवीवाडीतल्या एका खलाशाचे नाव आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यांतला तो एक. त्याचे शव कधीच आले नाही. त्याची आई हयात होती तोवर दर ९ डिसेंबरला पहाटे येऊन त्याच्या नावावर अबोलीचा वळेसर ठेवत असे, कारण लेकासाठी फूल ठेवायला तिला जगात दुसरी जागा नव्हती. स्तंभावर बौद्धवाडीतले नाव आहे, मोहल्ल्यातले आहे, वरच्या आळीतले आहे. तिथे हुद्द्याप्रमाणे लहानमोठी अक्षरे नव्हती. फ्लेक्सवर मात्र ती आली.

आपल्या कोकणाला हे नवे नाही. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचे नाव आजही इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिशांच्या युद्धस्मारक आयोगाने प्रत्येक मृताचे नाव, हुद्दा न पाहता, कोरण्याचे तत्त्व ठरवले होते. हजारो भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत ते पाळले गेले नाही, आणि २०२१ मध्ये त्याच आयोगाने अहवाल काढून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ज्यांनी आपल्याला गुलाम केले त्यांना शंभर वर्षांनी का होईना लाज वाटली. आमच्या नगरपंचायतीला ती कधी वाटणार?

दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक आहे, तिथे नाव असताना इथे हट्ट कशाला, असेही मला ऐकवण्यात आले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते स्मारक देशाला अर्पण झाले, तिथे पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात दिल्ली पाहिली नाही. त्या मासळी बाजाराला जाताना नाक्यावर चपला काढून, हात जोडून पुढे जात.

कारंज्याला निधी मिळाला. दगडासाठी मात्र एक खाते म्हणते की जागा रस्त्याची आहे, दुसरे म्हणते की स्तंभाची मालमत्ता नोंदवहीत नोंदच नाही, म्हणून तरतूद करता येत नाही. या राज्यकारभाराची हीच रीत झाली आहे: ज्याची नोंद नाही ते नाहीच, आणि ज्याचे उद्घाटन होत नाही त्याला पैसा नाही. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचा दाखला देते. आता माझा नवरा देशासाठीच मेला, याचाही दाखला मी द्यायचा काय? १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. मी शिक्षिका आहे, आमची मुले खाऊचे पैसे त्या डब्यात टाकतात. त्या मुलांनी जवानांची नावे कुठे वाचायची, हे मला वर्गात सांगता येत नाही.

माझे मागणे फार नाही. तोच दगड नाक्यावरच, दिसेल अशा जागी उभा करावा. तडा गेला असेल तर नवा काळा पाषाणच घ्यावा, कारण आमच्या पावसात जांभ्यावरची अक्षरे टिकत नाहीत आणि खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजून जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून नावांची यादी तपासून घ्यावी, युद्ध जाहीर झाले होते की नव्हते हा प्रश्न कोणाच्याही नावापुढे येऊ नये, आणि स्तंभाची नोंद नगरपंचायतीच्या वहीत करावी, म्हणजे पुढच्या रुंदीकरणात तो पुन्हा बेवारस ठरणार नाही.

हे ७ डिसेंबरपूर्वी व्हावे. तोवर वीरपत्नींच्या सत्काराचे निमंत्रण, शाल आणि श्रीफळ माझ्या घरी पाठवू नये. मी ते स्वीकारणार नाही.

आपली,
एका सॅपरची पत्नी