बारामतीच्या पटेलांवर पण लिहा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ऑप्टिकल फायबरवरचा लेख वाचला. विषय घेतलात ते छानच, पण लेखात नरिंदरसिंग कपानी यांना सरळ 'इंटरनेटचे जनक' करून टाकलंय आणि शेवटी परत तेच, भारतीय म्हणून त्यांचं नोबेल काढून चार्ल्स काओंना दिलं. हा मजकूर आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी फिरतो, तिथे मी गप्प बसतो कारण काका लोक चिडतात, पण पेपरात छापून आल्यावर राहवेना म्हणून लिहितोय.

माझं भोसरीला लेझर कटिंगचं छोटं जॉबवर्क आहे. शास्त्रज्ञ वगैरे नाही, पण रोज ज्या मशीनसमोर उभं राहायचं ते कुणी शोधलं हे वाचायची खोड आहे.

कपानी मोठेच, त्यात वाद नाही. लंडनच्या इंपिरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी बारीक काचतंतूंच्या जुडीतून अख्खं चित्र या टोकाचं त्या टोकाला नेऊन दाखवलं, १९५४ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये छापून आलं (त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचं पण तसंच काम आलंय, ते फॉरवर्डवाले सांगत नाहीत). फायबर ऑप्टिक्स हे नावच मुळात कपानींनी रूढ केलं. आणि आपण म्हणतो ना, पोटात दुर्बीण घालून बघितलं, ती वाकणारी दुर्बीण याच कामातून पुढे आली.

पण हे सगळं हातभर लांबीचं काम होतं. फोन न्यायचा या गावाहून त्या गावाला, आणि तेव्हाच्या चांगल्यातल्या चांगल्या काचेत किलोमीटरला हजार डेसिबल लॉस, म्हणजे साध्या भाषेत सांगायचं तर प्रकाश सोडला की २० मीटरवर शंभरातला एक हिस्सा उरायचा, पुढे अंधार. १९६६ मध्ये काओ आणि हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये बसून हिशोब मांडला की दोष काचेचा नाही, काचेत राहिलेल्या लोखंडासारख्या अशुद्धीचा आहे, ती काढा आणि २० डेसिबलवर आणा म्हणजे टेलिफोन चालेल. लोकांना ते खरं वाटेना. १९७० ला अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्त्झ या तिघांनी १७ डेसिबलची फायबर काढून दाखवली. म्हणजे तोच शंभरातला एक हिस्सा आता किलोमीटरच्या पुढे जायला लागला, आणि आज आपल्या रस्त्याखाली जी फायबर आहे तिच्यात तो १०० किलोमीटरवर मिळतो. २० मीटर ते १०० किलोमीटर! २००९ चं नोबेल याच्यासाठी होतं, तेही अर्धंच, बाकीचं अर्धं कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी सीसीडी चिप काढणाऱ्या दोघांना गेलं. काओंना तोवर अल्झायमर झालेला, नोबेलचं भाषण त्यांच्या पत्नीने केलं. कपानींना सरकारने पद्मविभूषण दिलं २०२१ मध्ये, ते गेल्यावर. ते जिवंत असताना का नाही दिलं, हा खरा भांडायचा मुद्दा आहे, पण त्यावर कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता माझा मेन मुद्दा. भारतीय नाव पाहिजेच असेल तर आपल्या दाराशी एक आहे ना. चंद्रकुमार पटेल, जन्म १९३८, गाव बारामती. बारामती म्हटलं की आपल्याला ऊस आणि इलेक्शन सोडून काही आठवत नाही ही गोष्ट वेगळी. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ ला बाहेर पडले, स्टॅनफर्डला पीएचडी, मग बेल लॅब (अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा), आणि तिथे १९६४ पर्यंत कार्बन डायऑक्साइड लेझर काढून मोकळे. मैमनने पहिला लेझर चालवला १९६० ला, म्हणजे चारच वर्षं झालेली. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने पॉवर येत नव्हती, तर यांनी नायट्रोजनला आधी चेतवून त्याची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला द्यायची युक्ती केली, आणि पॉवर जी वाढली ती थेट पत्रा कापण्यापर्यंत. मी ऑपरेटर होतो तिथे तीन गॅस लागायचे, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हेलियम, आणि मला वाटायचं कंपनीवाले उगाच खर्च वाढवतात. पटेलांबद्दल वाचल्यावर नायट्रोजन कशाला ते कळलं, तोपर्यंत सहा वर्षं ते मशीन चालवून झालेली.

अमेरिकेने त्यांना १९९६ ला नॅशनल मेडल ऑफ सायन्स दिलं. आमच्या एमआयडीसीत दहा जणांना विचारलं, एकालाही नाव माहीत नाही, एकाला तर प्लायवूडवाले पटेल वाटले.

गंमत म्हणजे या लेझरचा किरण काचेच्या फायबरमधून जातच नाही, काच तो पिऊन टाकते, म्हणून तो आरशांवरून वळवत न्यावा लागतो, आणि रोज सकाळी मिरर पुसा, अलाइनमेंट बघा, ही कटकट. मग फायबर लेझर आला, त्यात किरण तयारच फायबरमध्ये होतो, आणि पत्र्याचं बहुतेक काम त्याने खाल्लं. पण गणपतीचं एमडीएफचं मखर, अ‍ॅक्रेलिकचे रांगोळी छापे, लग्नपत्रिकेची जाळी, हे अजून पटेलांच्याच लेझरवर होतं, कारण पारदर्शक अ‍ॅक्रेलिकमधून फायबर लेझर बहुतेक सरळ आरपार निघून जातो. माझ्याकडे दोन्ही मशीन आहेत, श्रावण लागला की जुनंच जास्त चालतं.

तर पटेलांवर एक नीट लेख लिहा, आणि कृपा करून त्यांना कशाचे जनक वगैरे करू नका.

आणि एक राहिलंच. लेखासोबतच्या चित्रात फायबरच्या टोकातून लालभडक उजेड दाखवलाय. लांबच्या लाइनमध्ये जो प्रकाश असतो तो डोळ्याला दिसतच नाही. एखादं पोरगं रस्त्यावर तुटलेली केबल उचलून लाल दिसत नाही म्हणजे बंद आहे असं समजून डोळ्याला लावेल, डोळ्याला इजा होऊ शकते, तेवढी दुरुस्ती मात्र पुढच्या रविवारी छापाच.

आपला,
एक वाचक, भोसरी